मधे थांबव

शिवण्यात, नदीच्या अंगाला, मुनाफच्या शेडमध्ये
आमची बस उभी आहे बावीस दिवस.
सीटा निघाल्या. पिवळा रंग खरवडून झाला, तरी
तिरप्या उन्हात 'विद्यालय' हा शब्द
पत्र्यातून हळूच वर येतो,
नीट न पुसलेल्या फळ्यावरच्या बेरजेसारखा.

राहिलीय ती लिफ्ट.
मागच्या दाराशी, दोन्ही हात पोटाशी घेऊन.
नकाशात तिथे ओटा आहे, दोन बर्नरची शेगडी
आणि यशोधनचा मसाल्यांचा कप्पा,
जो त्याने तीनदा खोडून तीनदा काढलाय.

"एकशेचाळीस किलो भरेल," मुनाफ म्हणतो,
"भवानी पेठेत टाकू. अडतीसचा भाव आहे.
पंप वेगळा विकू, चालू आहे."

आठ बोल्ट. सहा निघाले.
सातवा जागच्या जागी फिरतो,
आठव्याचं डोकंच गोल झालंय.
मुनाफ त्याच्या आईवरून काहीतरी बोलतो,
मग माझ्याकडे बघून, "माफ करा, ताई.
डिझेल सोडून ठेवू. चहा घेऊ."

मी चहा घेऊन लिफ्टवरच बसले, ऑइलचा डबा उपडा करून.
बसले, तेव्हा दिसलं.
कठड्याच्या आतल्या अंगाला,
उभ्या माणसाची नजर जिथे कधी जात नाही तिथे
कर्कटकाने कोरलेलं:
मधे थांबव.
'थ' दोनदा गिरवलेला. 'ब' अर्ध्यात घसरलेला,
बहुतेक लकडी पुलाजवळच्या खड्ड्यात.

"मुनाफभाई, चालू करा."
"सहा बोल्ट काढलेत, ताई."
"सावकाश करा."

त्याने खाली जॅक लावला, मनातल्या मनात काही म्हटलं
आणि बटण दाबलं.
ती कुरकुरली. मग उचललं तिने मला, चहासकट.
बत्तीस वर्षं बँकेत मी पायरी ओळखून वागले,
साहेबांची, खातेदारांची, घरी गेल्यावर घरातल्यांची.
ही पहिलीच, जी स्वतः जमिनीपर्यंत आली
आणि मला काही ओळखायला लावलं नाही.

"मधे थांबवा."

भिंत आणि पत्रा यांच्या मधल्या फटीतून
दिसली पलीकडच्या गोठ्यातली म्हैस, रवंथ करणारी,
आणि तिच्या मागे, नव्या इमारतीच्या गॅलरीत
उशी हनुवटीखाली धरून
अभ्रा चढवणारी एक बाई.
एवढंच.
खाली आलं की भिंत, वर गेलं की पत्रा.

त्या पोराला काय दिसायचं?
सहकारनगरात की औंधात, कोणाच्या कुंपणावरून?
रिमोटवर दोनच बाण असतात.
मधे, असं बटण नसतं,
कोणाला तरी बोट उचलावं लागतं.
उचलायचं का कोणी? रोज?
की मागे हॉर्न वाजायचे, आणि
"चल रे, उशीर होतोय"?
विचारणार कोणाला. लिलावाच्या कागदावर
फक्त चासी नंबर.

संध्याकाळी यशोधन टेप घेऊन आला.
"मग ओटा कुठे?"
मी त्याला डब्यावर बसवलं, रिमोट हातात घेतला
आणि अर्ध्यात बोट उचललं.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "म्हैस व्यायला आलीय."
मग आणखी थोड्या वेळाने,
"शेगडी एका बर्नरचीही मिळते."

मुनाफ हिशेबाला पक्का:
"काढायची मजुरी झाली, लावायची वेगळी पडेल."
पडू दे.

सकाळी आठवा बोल्ट
नुसत्या बोटांनी फिरला.
मुनाफने तो हातावर झेलला, शिव्या आठवून हसला,
पोराला नाना पेठेत पिटाळलं,
आणि सव्वीस रुपयांचा नवा आणून
तिथेच गच्च आवळला.